उथळ मत्स्यपेटीची उभारणी : आधी पाणी, मग मासे

शोभेचे मासे पाळणे हा केवळ शहरातील सधन कुटुंबांचा छंद होय, असा समज दीर्घकाळ रूढ होता. आज परिस्थिती बदललेली आहे. गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीच्या कचेरीत आणि अनेक घरांच्या ओसरीवरही काचेची मत्स्यपेटी दिसू लागली आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचाही समावेश करण्यात आल्यामुळे, जोडधंदा म्हणून या विषयाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्यांची व बचत गटांची संख्या वाढत आहे.

तथापि या कामी उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांचा अनुभव निराशाजनक असतो. बाजाराच्या दिवशी पेटी आणली जाते, त्याच सायंकाळी ती भरली जाते आणि त्याच पाण्यात वीस-पंचवीस मासे सोडले जातात. पहिले दोन-चार दिवस सर्व ठीक दिसते. पुढे पाणी गढूळ होते, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मासे मरतात. दोष कधी विक्रेत्यास, कधी विहिरीच्या पाण्यास, तर कधी नशिबास दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळी खरे कारण एकच असते. शेत तयार करण्यापूर्वीच पेरणी केली, तर जे व्हावयाचे तेच येथे झालेले असते.

पाणी तयार होणे म्हणजे काय?

मासा जे अन्न खातो त्यातील नत्राचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात टाकला जातो. न खाल्लेले अन्न व कुजलेली पाने यांपासूनही अमोनिया तयार होतो. अमोनिया माशास विषारी आहे. नदीत किंवा तळ्यात तो विपुल पाण्यात विरून जातो. पेटीत मात्र तो साठत जातो.

निसर्गाने यावर जी योजना केली आहे ती शेतकऱ्यास अपरिचित नाही. शेतात युरिया घातला असता त्याचा प्रथम अमोनिया होतो आणि पुढे मातीतील सूक्ष्म जीवाणू त्याचे नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. जमिनीतील या जीवाणूंचे कार्य रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास उलगडून दाखविले. हेच कार्य मत्स्यपेटीतही चालते. जीवाणूंचा एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो. नायट्राइटही माशास घातक असते, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. दुसरा वर्ग त्याचे नायट्रेट करतो. नायट्रेट अल्प प्रमाणात माशास अपाय करीत नाही आणि वनस्पतींस ते खत म्हणून उपयोगी पडते.

हे जीवाणू वाळूच्या कणांवर, काचेवर आणि गाळणीच्या स्पंजवर थर करून राहतात. त्यांची वाढ मंद असते. नव्या पेटीत ते पुरेशा संख्येने स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळास पेटीची मशागत समजावे. हा काळ ज्याने पाळला त्याचे अर्धे काम झाले असे म्हणण्यास हरकत नाही.

दख्खनच्या पठारावरील शेतकऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. येथील अनेक विहिरींचे पाणी जड व अल्कधर्मी असते. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला असता अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ नऊ-दहा पट होतो. म्हणून जड पाण्याच्या गावी घाईचा दंड अधिक मोठा पडतो.

लांबट व उथळ पेटीच का?

येथे वर्णन केलेली पेटी १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच आहे. तिचे एकूण आकारमान १६२ लिटर होते. ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ६० उंच अशा पेटीचे आकारमानही तितकेच असते. परंतु पहिल्या पेटीचा पाण्याचा उघडा पृष्ठभाग दुसरीच्या दुप्पट असतो. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. ज्या गावी वीज वेळोवेळी जाते आणि हवेचा पंप बंद पडतो, तेथे रुंद पृष्ठभाग हाच माशांचा आधार ठरतो.

दुसरा लाभ प्रकाशाचा. उथळ पाण्यात प्रकाश तळापर्यंत चांगला पोहोचतो व बुटक्या वनस्पतीही वाढतात. तिसरा लाभ असा की, पाण्याचा दाब खोलीनुसार वाढत असल्यामुळे उथळ पेटीच्या काचेवर व जोडांवर ताण कमी येतो. शिवाय तळापर्यंत हात सहज पोहोचतो.

या आकाराचे दोषही सांगितले पाहिजेत. उथळ पाणी लवकर तापते, लवकर थंड होते आणि त्याचे बाष्पीभवन अधिक होते. या पेटीतील पातळी केवळ ४ मिलिमीटर उतरली, तरी सुमारे २ लिटर पाणी उडालेले असते. तसेच झेब्रासारखे चपळ मासे उथळ पेटीतून बाहेर उडी घेतात. या दोषांचे निवारण पुढे दिले आहे.

जागा व बैठक

काच ८ मिलिमीटर जाडीची घ्यावी. माती, वाळू व पाणी भरल्यावर पेटीचे वजन जवळजवळ दोन क्विंटल होते. म्हणून बैठक विटांची व पक्की बांधावी किंवा लोखंडी घडवंची घ्यावी. बैठक पाणसळ लावून समपातळीत आणावी आणि तिच्यावर थर्मोकोलचा एकसंध तक्ता घालून त्यावर पेटी ठेवावी. अन्यथा बारीकसा खडाही तळाची काच फोडू शकतो. माती घालण्यापूर्वी पेटी अंगणात नुसत्या पाण्याने भरून एक दिवस गळती तपासावी. भरलेली पेटी कधीही हलवू नये.

जागा उजेडाची परंतु थेट उन्हापासून दूर असावी. पत्र्याच्या छपराखालील ओसरी टाळावी. औषध फवारणीचा पंप, खते व कीटकनाशके जेथे ठेवतात ती खोली तर सर्वथा वर्ज्य समजावी.

माती व वाळू

तळाशी २ सेंटिमीटर मातीचा थर आणि त्यावर ४ सेंटिमीटर जाड वाळूचा थर द्यावा. कोकणातील तांबडी माती यासाठी चांगली. तिच्यात लोह असते व ती पाणी फारसे गढूळ करीत नाही. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात व ती फुगून चिकट होते, म्हणून ती टाळावी. माती पडीक जागेतील, खत किंवा औषध न पडलेली असावी. चाळून, काडीकचरा काढून, दोन-तीन वेळा पाण्यात कालवून वरचे गढूळ पाणी ओतून द्यावे.

शेणखत, गांडूळखत किंवा युरिया मातीत मुळीच मिसळू नये. जे खत पिकास पोषक तेच येथे अमोनियाचा साठा बनते.

वाळू २ ते ४ मिलिमीटर कणांची घ्यावी व पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. तिच्यात चुना आहे की नाही हे पाहण्यासाठी मूठभर वाळूवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. फेस आल्यास ती वाळू घेऊ नये, कारण तिच्यामुळे पाणी अधिकाधिक जड होत जाईल. थर मागील बाजूस थोडा उंच व समोर उतरता ठेवावा.

पाणी भरणे

नळपाणी योजनेचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी टीसीएल पावडर वापरतात. तिच्यातील क्लोरिन माणसास हितकर असले, तरी माशांस व वर सांगितलेल्या जीवाणूंस मारक आहे. असे पाणी पसरट भांड्यात एक ते दोन दिवस उघडे ठेवावे व मधूनमधून ढवळावे. खोल कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेही असेच एक दिवस उघडे ठेवून वापरावे. पाणी फार जड असल्यास त्यात स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी निम्मे मिसळावे. मात्र पहिल्या पावसाचे छपरावरील पाणी घेऊ नये.

वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर पाण्याची धार हळूहळू सोडावी, म्हणजे थर उखडत नाहीत. प्रथम दहा सेंटिमीटर पाणी भरून वनस्पती लावाव्यात व नंतर उरलेले भरावे. वर ३ सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. अशा रीतीने पेटीत सुमारे ११० लिटर पाणी राहते.

वनस्पतींची लावणी

वनस्पती ही केवळ शोभा नव्हे. त्या अमोनिया व नायट्रेट थेट शोषून घेतात आणि दिवसा प्राणवायू देतात. म्हणून आरंभापासूनच दाट लावणी करावी. विरळ लावून पुढे भर घालणे हे तणास आमंत्रण देण्यासारखे आहे. येथील तण म्हणजे शेवाळ.

हायड्रिला व सेराटोफायलम या जलद वाढणाऱ्या वनस्पती सुरुवातीस भरपूर घालाव्यात. पेटी स्थिरावल्यावर त्या हळूहळू कमी करता येतात. मध्यभागी व मागे रोटाला आणि लिम्नोफिला यांच्या फांद्या प्रत्येकी तीन-चारच्या जुडीने खोचाव्यात. वाढल्यावर त्या छाटून छाटलेले शेंडे पुन्हा लावता येतात. समोर क्रिप्टोकोरिनचे बुटके प्रकार लावावेत. व्हॅलिस्नेरियाची पाने या पेटीच्या खोलीपेक्षा लांब वाढून पृष्ठभागावर पसरतात व खालच्या रोपांवर सावली धरतात, म्हणून ती केवळ दोन्ही टोकांस थोडीशी लावावी. पेटीच्या लांबीपैकी एक तृतीयांश भाग माशांच्या संचारासाठी मोकळा ठेवावा.

वनस्पती रोपवाटिकेतून किंवा दुसऱ्या पेटीतून घ्याव्यात. सह्याद्रीच्या ओढ्यांत क्रिप्टोकोरिनच्या काही जाती नैसर्गिकरीत्या वाढतात, तसेच साताऱ्याच्या कास पठारावर वायतुरा ही दुर्मीळ जलवनस्पती आढळते. ही संपत्ती उपटून आणू नये. गावतळ्यातील हायड्रिला आणल्यास ती प्रथम वेगळ्या बादलीत दहा-पंधरा दिवस ठेवावी व पाणी बदलीत राहावे. तिच्याबरोबर जळवा किंवा चतुराची पाण्यातील पिले येतात व ती पिले लहान मासे खातात. जलपर्णी मात्र कोणत्याही स्वरूपात आणू नये.

प्रकाशासाठी सुमारे २० वॅटचा एलईडी दिवा रोज सात ते आठ तास पुरेसा होतो. उथळ पाण्यात प्रकाश प्रखर पडत असल्यामुळे याहून अधिक वेळ दिवा ठेवल्यास शेवाळ माजते.

प्रतीक्षेचे सहा आठवडे

या काळात माशांविना पेटी चालू ठेवावी. जीवाणूंस अन्न मिळावे म्हणून माशांच्या खाद्याची एक लहान चिमूट रोज टाकावी. स्पंजची गाळणी असल्यास ती पहिल्या दिवसापासून अखंड चालवावी. ओळखीच्या माणसाकडील निरोगी, जुन्या पेटीतील मूठभर वाळू किंवा वापरलेला स्पंज मिळाल्यास तो विरजणासारखा उपयोगी पडतो आणि काळ कमी होतो.

पेटीत मासे नसताना तिच्यात डास अंडी घालतील, ही गोष्ट विसरू नये. डेंग्यूचा प्रसार करणारा डास घरातील अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून पेटीवर मच्छरदाणीचे कापड ताणून, कडेस कोठेही फट न ठेवता बांधावे. हेच झाकण पुढे माशांच्या उड्याही थांबविते.

अमोनिया व नायट्राइट मोजण्याचे थेंबांचे संच शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात. एक संच अनेक पेट्यांस पुरतो, तेव्हा तो गावातील गटाने मिळून घ्यावा. प्रथम अमोनिया वाढतो, मग तो उतरून नायट्राइट वाढते आणि शेवटी दोन्ही शून्यावर येतात. सलग एक आठवडा दोन्ही शून्य आढळल्यावरच पेटी तयार झाली असे समजावे. संच नसल्यास पूर्ण सहा आठवडे थांबावे. वनस्पतींस नवी पाने फुटली आहेत व पाणी नितळ आहे याची खात्री करावी आणि प्रथम केवळ चार मासे सोडून आठवडाभर निरीक्षण करावे.

मासे कोणते व किती?

या पेटीत ४ ते ५ सेंटिमीटरपर्यंत वाढणारे २० मासे सुखाने राहतात. आरंभ झेब्रा माशापासून करावा. हा मूळचा आपल्याच देशातील नद्यानाल्यांचा मासा असून काटक आहे, थव्याने राहतो आणि लांबट पेटीत त्यास पळण्यास वाव मिळतो. प्रथम सहा मासे, दोन आठवड्यांनी आणखी सहा व त्यानंतर उरलेले, अशा हप्त्यांनी सोडावेत. माशांची संख्या वाढली की जीवाणूंची संख्याही वाढावी लागते, आणि त्यास काही दिवस लागतात.

डासांच्या अळ्या खाणारा म्हणून खेडोपाडी परिचित असलेला गप्पी मासाही येथे चालतो आणि जड पाणी त्यास मानवते. मात्र तो पिले देणारा मासा असल्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते. वाढीव पिले कोठे द्यावयाची याची सोय आधीच करावी.

रोहू, कटला यांची बोटुकली केवळ सहज मिळते म्हणून पेटीत टाकू नये. रोहू पुढे हातभर वाढणारा मासा आहे. पेटीत तो खुरटतो व मरतो. पेटी साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासाही एक फुटाहून मोठा होतो. असे मोठे झालेले मासे लोक नदीत सोडतात, आणि महाराष्ट्रातील जलाशयांत सकर मासा कोळ्यांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे तो यामुळेच. पेटीतील कोणताही मासा, गोगलगाय किंवा वनस्पती ओढ्यात, तळ्यात अथवा धरणात टाकू नये. छाटलेल्या वनस्पती कंपोस्टच्या खड्ड्यात पुराव्यात.

मासे आणलेली पिशवी प्रथम पंधरा-वीस मिनिटे पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवावी. नंतर तिच्यात पेटीतील पाणी वाटीवाटीने घालावे आणि अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये.

रोजची निगा

खाद्य दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन-तीन मिनिटांत मासे संपवतील इतकेच द्यावे. उपासाने मरणाऱ्या माशांपेक्षा अति खाद्यामुळे बिघडलेल्या पाण्याने मरणारे मासे कितीतरी अधिक असतात. घरातील लहान मुलांस हे समजावून सांगावे. अन्यथा प्रत्येक जण आपापली चिमूट टाकतो.

दर आठवड्यास सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे दोन बादल्या पाणी नळीने काढून त्याऐवजी तयार ठेवलेले पाणी घालावे. उडालेल्या पाण्याची भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. सतत विहिरीच्या पाण्याने भर घातल्यास निचरा नसलेल्या जमिनीप्रमाणे पेटीत क्षार साठतात. म्हणून रोजची भर शक्यतो पावसाच्या पाण्याची घालावी. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते. ते परसबागेतील भाजीस घालावे.

गाळणीचा स्पंज कधीही नळाच्या पाण्याने अथवा साबणाने धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच तो दोन-चार वेळा पिळावा. लखलखीत स्वच्छतेच्या हौसेने स्पंज व वाळू धुऊन काढल्यास जीवाणूंची सहा आठवड्यांची वाढ एका सकाळी नष्ट होते आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. सणासुदीच्या साफसफाईनंतर मासे मरतात, त्याचे रहस्य हेच होय.

उन्हाळ्यात विशेष दक्षता घ्यावी. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड मारताना दिसल्यास धोका ओळखावा. तांब्याने पाणी उचलून थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत सोडावे, खाद्य बंद करावे, दुपारी खिडकीस ओले गोणपाट लावावे आणि दाटी असल्यास मासे कमी करावेत.

शेतकऱ्यांच्या घरी आणखी एक धोका असतो. अनेक कीटकनाशके, विशेषतः कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गातील, अत्यल्प प्रमाणातही माशांस प्राणघातक असतात. बोर्डो मिश्रणातील मोरचूदही तशीच घातक आहे. फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ केल्यावाचून पेटीत हात घालू नये. औषध कालविण्याची बादली किंवा नळी, कितीही धुतलेली असली तरी, पेटीसाठी वापरू नये. मत्स्यपेटीची बादली वेगळी ठेवून तिच्यावर खूण करावी.

जोडधंद्यापूर्वीची परीक्षा

एका पेटीवर धंदा होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु धंद्यात पडण्यापूर्वी एक पेटी अवश्य करावी. ज्या कुटुंबाने किंवा गटाने एक पेटी एक उन्हाळा धरून सहा महिने निरोगी ठेवली, त्यास पाण्याचा स्वभाव कळला असे समजावे. त्यानंतर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन प्रशिक्षण व साहाय्य यांची चौकशी करावी. ही परीक्षा न देता कर्ज काढून दहा टाक्या बांधणाऱ्याचे नुकसान दहापट होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेत किंवा कचेरीत अशी एक पेटी उभी करावी आणि पहिले सहा आठवडे ती मुद्दाम माशांविना लोकांस दाखवावी. येणारा प्रत्येक जण ‘मासे कोठे आहेत?’ असे विचारील. त्या वेळी पाणी तयार होत आहे, एवढे उत्तर देऊन त्याचा अर्थ समजावून सांगितला, तरी गावातील पुष्कळ मासे व पुष्कळ पैसे वाचतील.